एकोणिसावा पेला

"कुणाला घड्याळ लावून पाणी पाजायचं नसतं," मास्तर म्हणाले होते, आणि मी हसले होते. मैदानाच्या कडेला, लोखंडी कठड्यावर एक पाय टाकून ते पोटरी ताणत उभे होते. निवृत्त खेळशिक्षक, गळ्यात शिट्टी, कानात केस. ताई आणि मी नुकत्याच अठ्ठावीस किलोमीटर धावून आलो होतो आणि मी नेहमीप्रमाणे तिच्या हातात बाटली कोंबत होते. "तहान लागली की पिईल ती. तान्ही आहे का?" मास्तर म्हणाले. "तहान ही आतली शिट्टी असते. तिच्यावर आपण आपली शिट्टी फुंकू नये." मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या काळी लोक अनवाणी धावायचे. आता शास्त्र पुढे गेलंय." ताई हसता हसता प्यायली, पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं, तिने ते मनगटाने पुसलं. तो ओघळ मला अजून दिसतो. मास्तरांचं वाक्य मात्र मी तिथेच ओल्या टॉवेलबरोबर पिशवीत कोंबलं आणि विसरले. आज सकाळी ताईने दार अर्धंच उघडलं तेव्हा ते बाहेर आलं, अजून ओलंच.

तिने साखळी काढली नव्हती. फटीतून तिचा अर्धा चेहरा, एक डोळा, कापलेल्या केसांची एक बट. माझ्या कडेवर पिल्लू, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा, खांद्यावरून घसरणारी पिशवी. मी म्हटलं, "अगं साखळी काढ ना, हात अवघडलाय." ती म्हणाली, "शेपटे." लहानपणी मी तिच्या मागे मागे फिरायचे म्हणून मी शेपूट, मला मूल झालं तरी शेपूटच राहिले. "शेपटे, मला एक आठवलं." हल्ली तिचे शब्द थांबत थांबत येतात, जिन्यावरून म्हातारं माणूस उतरावं तसे, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून. "ऊन होतं. रस्त्यावर निळी रेघ होती. तू माझ्या ओठाला पेला लावलास. मी नको म्हणत होते का गं?" पिल्लू माझ्या कानातलं ओढत होती. "कितवा होता तो?" ताईने विचारलं. रागाने नाही. हरवलेली वस्तू शोधताना माणूस विचारतं ना, तू शेवटची कुठे पाहिलीस, तसं. मला आकडा माहीत होता. तो जिभेवर आला होता, आणि मी म्हटलं, "डबा गरम आहे, आत घे आधी." तिने डब्याकडे बघितलं. मग म्हणाली, "खाली ठेव. आणि थोडे दिवस येऊ नकोस. राग नाहीये मला. पण तू आलीस की मला तहान लागते. लागलेली नसते, तरी लागते." आणि दार लागलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. ते हळूच लागलं, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं लावतात तसं.

तेव्हापासून मी इथे आहे. तिच्या इमारतीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, बंद असलेल्या बँकेच्या पायरीवर. बाबागाडीत पिल्लू झोपली आहे. तिच्या छातीकडे बघायची सवय मला अजून आहे. वर, खाली, वर. ती जन्मल्यावर पहिले चार महिने मी एवढंच काम केलं. लोक म्हणायचे आई झालीस, आता स्वतःकडे बघ. मी आरशाकडे बघायचे तेव्हा आरशातही पाळणाच दिसायचा. नवरा म्हणायचा, "ती श्वास घेतेय गं, तुझ्या परवानगीशिवाय घेतेय." तो विनोद होता. मी रडायचे. मग एका सकाळी ताई आली, कामावर जाण्याआधी, हातात स्वतःचे जुने धावायचे बूट घेऊन. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या करते. तिच्या नखांत कायम पांढरं प्लास्टर आणि अंगाला मेणाचा वास. "ऊठ. हे पायात घाल." मी म्हटलं, "पिल्लू?" ती म्हणाली, "तिचा बाप काय शोभेचा आहे? वीस मिनिटं सांभाळेल." बूट मला एक नंबर मोठे होते. तिने पुढे कापूस कोंबला. त्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत धावलो आणि मी ओकले. दुसऱ्या दिवशी पेट्रोलपंपापर्यंत. ताईला धावण्याची काडीची हौस नव्हती. एकदा मोजे काढताना ती म्हणाली होती, "मला काय, मी बसच्या मागेसुद्धा धावत नाही. तू घराबाहेर पडावीस म्हणून हा उद्योग." हेही मी तेव्हा हसण्यावारी नेलं. मी किती गोष्टी हसण्यावारी नेल्या, त्यांची यादी केली तर ती दोरी होईल आणि तिला मी लटकेन, असं एकदा नवऱ्याला म्हणाले तर तो इतका घाबरला की मला पुन्हा विनोद करायला मनाई झाली.

पिल्लू नऊ महिन्यांची असताना तिला जुलाब झाले. दीड दिवसात ती सुरकुतली. टाळू खोल गेली, जणू कुणी अंगठ्याने दाबून ठेवलीय. रडताना डोळ्यांतून पाणी येईना. दवाखान्यात डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या, "इतका वेळ काय करत होतात?" मी काय करत होते? मी बघत होते. इतकं बघत होते की मला दिसलं नाही. मग चमचा, वाटी, पाच-पाच मिनिटांनी एक चमचा, भिंतीवरचं घड्याळ, चमचा. बाई म्हणाल्या होत्या, "नुसतं पाणी नाही हं, मीठ-साखरेचं द्यायचं. नुसत्याने उलट होईल." सकाळी टाळू वर आली. मी तिच्यावर बोट ठेवलं तर खाली ठोका लागत होता. त्या रात्रीतलं माझ्याजवळ उरलं ते एवढंच: घड्याळ, आणि पाणी. मीठ मी दवाखान्यातच विसरले. आणि मी तर जीवशास्त्राची पदवीधर. पहिल्या वर्षी प्रयोगवहीत मी बेदाण्याची आकृती काढली होती: साध्या पाण्यात टाकलेला बेदाणा, पाणी आत शिरतं, साल ताणतं, बेदाणा टम्म. बाण काढले होते, नावं दिली होती, दहापैकी नऊ गुण. एक गुण कापला होता कारण 'निष्कर्ष' लिहायचा राहिला होता.

एका परक्या शहरातल्या बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीसाठी हजारो लोक अर्ज करतात आणि चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. आमची दोघींची निघाली. नवरा म्हणाला, "जाच. मी आणि पिल्लू फोनवर तुमचे ठिपके बघू." धावणाऱ्याच्या छातीवर क्रमांकाचा कागद असतो, त्यात एक चकती, आणि ती घरच्यांना नकाशावर ठिपका होऊन दिसते. मला ते फार आवडलं होतं. जगातल्या सगळ्या माणसांचे ठिपके असावेत आणि ते हलत असावेत, म्हणजे मला झोप लागेल. सुरुवातीला थंडी होती. लोक जुने स्वेटर, अंगरखे काढून कुंपणावर टाकत होते. कुंपणावर माणसं वाळत घातल्यासारखी दिसत होती. ताईने ओठांना मलम लावलं, उरलेलं माझ्या नाकाला पुसलं. "शेपटे, मागे राहायचं, पण हरवायचं नाही." मी माझ्या मनगटावरचं घड्याळ दर पंधरा मिनिटांनी थरथरेल असं लावून ठेवलं होतं. ते थरथरलं की ताईला एक पेला. घोट नाही, पेला. मी उजव्या हाताच्या बोटांवर मोजत होते, पाच झाले की डाव्या हाताचं एक बोट. माझं स्वतःचं मी मोजत नव्हते. मी माझ्या पेल्यातून ओठ ओले करायचे आणि उरलेलं रस्त्यावर ओतायचे. स्वतःकडे कोण बघतं?

रस्त्यावर निळी रेघ होती, सगळ्यात कमी अंतराची. पुढचे तिच्यावरून धावतात, आम्ही मागचे रस्ताभर सांडलेले. दोन्ही बाजूंना माणसं, पाट्या, भांडी बडवणारी पोरं. ताईच्या छातीवर तिचं नाव छापलं होतं आणि ते तिथले लोक इतकं वेडंवाकडं उच्चारत होते की ती दर खेपेला वळून बघायची. "कुणाला बोलावतायत गं हे? मला काय माहीत ही बाई कोण!" पाण्याची टेबलं लांबच लांब. पुढच्यांनी टाकलेले कागदी पेले पायाखाली चिरडून रस्ता पांढरा झालेला, त्यावरून धावताना वाळक्या पानांचा आवाज. बाविसाव्या किलोमीटरला ती म्हणाली, "आईची अंगठी रुततेय." मी बोट बघितलं, अंगठीच्या दोन्ही बाजूंना मांस फुगून वर आलं होतं. मी बेदाणा बघितला होता, मी आकृती काढली होती, आणि मी म्हटलं, "उन्हाने सुजतात हात. पाणी पी." ती प्यायली. पुलावर वारा होता. ती पोटावर हात ठेवून चालायला लागली. "आत डुचमळतंय नुसतं. माझी कळशी झालीय. कुणीतरी कमरेवर घ्या मला." मी म्हटलं, "दोन घोट. माझ्यासाठी." ती म्हणाली, "तुझ्यासाठी म्हणून धावायला लागले, आता तुझ्यासाठी म्हणून बुडू?" आणि घेतलाच तिने पेला. मला माहीत होतं ती घेईल. लहानपणी औषध मी पिईना तेव्हा ती आधी अर्धा चमचा स्वतः प्यायची, मला दाखवायला.

छत्तिसाव्या किलोमीटरजवळ ती थांबली. एका बंद दुकानाच्या काचेसमोर. काचेत आम्ही दोघी, आणि आमच्यामागून वाहत जाणारी माणसं. ती हसत होती, अगदी गोड, तिच्या चेहऱ्याचं नसलेलं हसू. "आई कुठे उभी राहणार होती गं?" आईला जाऊन सहा वर्षं झाली. मला वाटलं ती थट्टा करतेय. आम्ही आईबद्दल अशी थट्टा करतो, रडण्यापेक्षा बरी. मी म्हटलं, "शेवटच्या रेषेपाशी. चल, ओरडेल उशीर झाला तर." त्याच क्षणी मनगटावर घड्याळ थरथरलं. ताईने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. "नको," ती म्हणाली. "नको" आणि "नको गं" यांत फरक असतो, आणि हा पहिला होता, नुसता, बिनमायेचा. मी पेला तिच्या ओठाला लावला. दुसऱ्या हाताने मानेला आधार दिला, पिल्लूला देत होते तसा. ती प्यायली. डोळे माझ्यावर होते. तो एकोणिसावा होता.

आम्ही पोचलो. पाच तास बेचाळीस मिनिटं. पदक, चांदीसारखं चमकणारं पांघरूण, एक बाटली. ती बाटलीही मी तिला उघडून दिली. फोटोत ती माझ्या मागच्या कुणाकडे तरी बघतेय. नवऱ्याचा फोन आला, "दोन्ही ठिपके पोचले! पिल्लूने टाळ्या वाजवल्या!" हॉटेलची खोली एवढीशी, पलंगाच्या कडेने आडवं होऊन जायचं. दुपारचे साडेचार वाजले होते. ताई बूट न काढता पडली. "डोकं फुटतंय." मग ओकली, नुसतं पाणी, स्वच्छ. आणि मला वाटलं, गेलं, सगळं बाहेर गेलं, आता ही सुकणार. मी न्हाणीघरातला ग्लास भरला. चमचा नव्हता, नुसती कॉफी ढवळायची लाकडी पट्टी होती, म्हणून ग्लासानेच पाजायचं ठरवलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तीन ग्लास. मी तिच्या कपाळावरून हात फिरवत होते आणि मनात काय आलं सांगू? की या वेळी मी वेळेवर बघितलं. या वेळी मला कुणी विचारणार नाही, इतका वेळ काय करत होतात. पाच वाजून दहा मिनिटांनी तिचा हात आधी आखडला, मग सगळी ती.

तिथल्या दवाखान्यातली डॉक्टर माझ्याहून लहान असेल. तिच्या हातात पेन आणि फळी होती. नाव, वय, औषधं कोणती. मग तिने विचारलं, पाणी किती प्यायल्या? आणि मी, तुम्हाला खोटं वाटेल, मी ताठ उभी राहिले. मला उत्तर येत होतं. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न आपल्या तयारीतला यावा तसं मी सांगितलं: रस्त्यावर बावीस पेले, नंतर एक बाटली, खोलीत तीन ग्लास, मी स्वतः पाजले, दर पंधरा मिनिटांनी, एकही चुकू दिला नाही. तिने पेन खाली ठेवलं. ती मला रागावली नाही. तिने माझ्या दंडाला हात लावला आणि सावकाश, परक्या माणसाला समजेल अशा सोप्या शब्दांत सांगितलं की रक्तातलं मीठ पातळ झालं, पाणी मेंदूत शिरलं, मेंदू सुजला, आणि कवटीला ताणता येत नाही. साल ताणलं जातं, कवटी नाही. मी मान डोलावत होते. निष्कर्ष. तिच्या मागे भिंतीवर पिण्याच्या पाण्याचं यंत्र होतं, त्यात मधूनच एक बुडबुडा वर यायचा.

नऊ दिवसांनी ताई शुद्धीत नीट बोलली. अंगठी कापून काढावी लागली होती, तिने रिकाम्या बोटाकडे बघून विचारलं, "मी जिंकले का?" कुंपणावर टाकलेला स्वेटर तिला आठवत होता, पुढचं काही नाही. मी सगळ्यांना सांगितलं, घामाने मीठ गेलं अंगातलं. नवऱ्याला, मास्तरांना, तिच्या प्रयोगशाळेच्या मालकाला. खोटं नव्हतं, वाक्याचा अर्धा भाग होता. मास्तर शिट्टी मुठीत दाबत म्हणाले, "बरं." त्यानंतर मी मैदानाच्या रस्त्याने जात नाही. या गोष्टीला पाच महिने झाले. प्रयोगशाळेने ताईला परत घेतलं, पण आता तिच्याकडे कवळ्या धुऊन पुसायचं काम आहे. एकदा मी गेले तेव्हा ती एक दात तळहातावर घेऊन बसली होती. "हा वरचा की खालचा?" तिने मला विचारलं. सतरा वर्षं ती अंधारातसुद्धा नुसत्या बोटाने सांगायची. मी अंदाजाने म्हटलं, "वरचा." ती म्हणाली, "तुला काय कळतंय!" आणि दोघी हसलो, आणि मग ती हसतच राहिली, थांबायचं कसं ते विसरल्यासारखी.

इथल्या डॉक्टरांनी बजावलंय की झटका परत येऊ शकतो, वर्षभर तरी. एकटं राहायचा हट्टच असेल तर रोज कुणीतरी डोकावायला हवं. ते कुणीतरी म्हणजे मी. पाच महिने मी रोज सकाळी गेले, डबा, पिल्लू, गोळ्यांची डबी. आणि रोज, आता आठवतंय, आत पाऊल टाकल्यावर माझं पहिलं वाक्य एकच असायचं: "पाणी प्यायलीस?" तीही रोज निमूट उठायची आणि प्यायची, माझ्या देखत, मापाचा अर्धा ग्लास, डॉक्टरांनी खूण केलेला. डोळे माझ्यावर. कधीतरी त्या डोळ्यांतून तो रस्ता वर यायचाच होता.

मला आता वर जाता येणार नाही. जिन्यावर माझी पावलं ती ओळखते, ती लहानपणापासून तिच्या मागून येतायत. नवऱ्याला पाठवलं तर त्याला कारण सांगावं लागेल, आणि मी अजून त्याला वाक्याचा दुसरा अर्धा भाग दिलेला नाही. तो तुम्हालाच पहिल्यांदा दिला, या पायरीवर शेजारी येऊन बसलात म्हणून. पिल्लू जागी झालीय. ती बोट करून वरची खिडकी दाखवतेय आणि "मावशी, मावशी" करतेय. पडदा सकाळपासून हललेला नाही. डबा दारातच आहे की आत घेतला, इथून दिसत नाही. तिचा ठिपका माझ्याजवळ नाही.

तुम्ही जाल का? तिसरा मजला, डावीकडचं दार, बाहेर धावायच्या बुटांचा एक जोड आहे, पुढे कापूस कोंबलेला. तो मी परत केला तेव्हापासून तिने आत घेतलेला नाही. बेल नको, तिला आवाजाने दचकायला होतं. बोटाने दोनदा वाजवा. ओ आली नाही तर थांबू नका, खाली मी आहे, किल्ली माझ्याकडे आहे. ओ आली तर आत जा, कुठेही बसा. तब्येतीचं विचारू नका. काही आणू नका, काही ओतू नका, तिच्या देखत घड्याळाकडे बघू नका. ती बोलायला वेळ घेईल, तिला घेऊ द्या. आणि मध्येच तिने तुम्हाला विचारलं, तो कितवा होता, तर माझ्यासारखं डब्याचं काढू नका. एकोणिसावा, असं सांगा. त्यानंतर आणखी तीन होते, मग बाटली, मग तीन ग्लास. आणि हो, सांगा तिला, ती नको म्हणाली होती.